सायलेन्सर बदलल्यावर पुन्हा पुन्हा फुटणारे पॅकिंग : दोष नेमका कुठे असतो?

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून ‘फट् फट्’ असा कोरडा आवाज येतो, इंजिन तापल्यावर पाच-सात मिनिटांत तो आपोआप विरतो, आणि आठवडाभरात डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि त्याच्या मागचा फ्रंट पाइप यांच्यामधले पॅकिंग (गॅस्केट) बदलले की दोन-तीन महिने सर्व सुरळीत चालते. त्यानंतर पुन्हा तोच आवाज आणि तोच दिवा. माझ्या गाडीत हे दीड वर्षात चार वेळा झाले. प्रत्येक वेळी मी पॅकिंगलाच दोष दिला, एकदा तर नाना पेठेतली तीन दुकाने पालथी घालून ‘भारीतले’ पॅकिंग आणले, आणि तेही पावसाळा सरायच्या आत फुटले. ज्यांनी छोट्या गाडीचा मूळ सायलेन्सर काढून अधिक मोकळा सायलेन्सर बसवला आहे आणि ज्यांची तक्रार दुरुस्त होऊनही परत येते, त्यांना उपयोगी पडेल म्हणून हा शोध सविस्तर लिहीत आहे.

गाडी आणि तिच्यात केलेला बदल

गाडी २०१९ सालची, बीएस-४, ११९७ सीसीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची आहे, टर्बो नाही. वॉरंटी संपल्यावर मी कॅटकॉनच्या मागचा सगळा भाग बदलून घेतला. मूळचा पाइप व्हर्निअरने मोजला तेव्हा बाहेरून ३८ मिमी भरला होता. त्याजागी ५१ मिमीचा, म्हणजे दोन इंची, एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, पाइप आला. मधला रेझोनेटर, म्हणजे घुमारा कमी करणारा डबा, काढून टाकण्यात आला आणि मागे सरळ आरपार भोकाचा मफलर बसला. कॅटकॉनला हात लावला नाही, आणि त्यावेळच्या माझ्या निर्णयांपैकी बरोबर ठरलेला तेवढाच एक.

खरी चूक एका लहान जागी झाली. मूळ रचनेत कॅटकॉनचा फ्लँज (बोल्ट बसवायची जोडणीची कड) आणि फ्रंट पाइप यांच्यामध्ये गोलाकार, वाटीत वाटी बसावी तसे पॅकिंग होते आणि दोन स्प्रिंग बोल्ट ते दाबून धरत होते. हा सांधा आतून निमुळता आहे, तिथे प्रवाह अडतो, असे मला सांगण्यात आले आणि मी मान डोलावली. त्याजागी सपाट प्लेटचा फ्लँज, सपाट पॅकिंग आणि तीन घट्ट बोल्ट अशी नवी जोडणी झाली. दिसायला ती मूळच्यापेक्षा कितीतरी भक्कम दिसत होती.

दिवा काय सांगत होता

ब्लूटूथवर चालणारा लहान स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा कोड आला. कॅटकॉनची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि म्हणूनच हा कोड पाहिला की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला ‘कॅटकॉन गेला, बदला’ असाच मिळतो. मलाही तो मिळाला. कॅटकॉनमध्ये पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असल्यामुळे हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी खिशाला झेपणारा नसतो, आणि या कोडवरून त्या निष्कर्षाला थेट पोहोचणे चूक आहे.

इंजिनाचा संगणक कॅटकॉन कधीच प्रत्यक्ष तपासत नाही. तो पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरांच्या वाचनांची तुलना करतो. पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये सतत वर-खाली होत असते. कॅटकॉन निरोगी असेल तर तो ऑक्सिजन साठवून आणि सोडून ही चढ-उतार गिळून टाकतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास संथ राहते. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागला की संगणक पी०४२० नोंदवतो. माझ्या गाडीत हा मागचा सेन्सर फ्लँजपासून वीतभर अंतरावर, फ्रंट पाइपवर आहे. पॅकिंग फुटल्यावर तिथून धूर बाहेर जातो हे आपल्याला आवाजावरून कळते. परंतु धूर सलग वाहत नसून धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, त्यामुळे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, हे सहसा लक्षात येत नाही. ही आत आलेली हवा मागच्या सेन्सरला ‘ऑक्सिजन फार आहे’ असे दाखवते. कॅटकॉन बिचारा आपले काम नीट करत असतो आणि शिक्षा मात्र त्याला होते.

गळती जर पुढच्या सेन्सरच्याही आधी, म्हणजे मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या) पॅकिंगला असेल, तर लक्षण वेगळे दिसते. तिथे संगणकाला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो, तो पेट्रोल वाढवत जातो, फ्युएल ट्रिमचे (संगणकाने पेट्रोलमध्ये केलेल्या दुरुस्तीचे) आकडे अधिक बाजूला सरकतात आणि शेवटी पी०१७१ येतो. अशा वेळी अ‍ॅव्हरेज लक्षणीय घटते. म्हणून कोड पुसण्यापूर्वी त्यासोबत साठवलेली वाचने टिपून ठेवावीत. मी पहिल्या दोन वेळा ती न पाहताच पुसली आणि दोन पावसाळे वाया घालवले.

याच गळतीने पीयूसीतही अडवले. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि मिनिटाला साधारण २५०० फेऱ्यांवरच्या चाचणीत लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा आकडा, आदर्श १) ०.९७ ते १.०३ यांच्यामध्ये असावा लागतो. माझे पहिले दोन्ही आकडे उत्तम होते आणि लॅम्डा १.०७ आला. प्रदूषण कमी, तरीही नापास, हे कोडे त्या दिवशी सुटले नव्हते. फटीतून शिरलेली हवा पीयूसी यंत्राच्या नळीपर्यंत पोहोचत होती, एवढेच त्याचे उत्तर आहे.

गळती नक्की कुठे आहे ते शोधणे

पहिली तपासणी रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, उघड्या जागेत करावी. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती मुळीच करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. इंजिन सुरू करून एकाने मागच्या नळीवर जाड ओले फडके तीन-चार सेकंद दाबून धरावे आणि दुसऱ्याने पुढे कान द्यावा. गळती असेल तर फुसफुस स्पष्ट ऐकू येते. ही तपासणी थंड असतानाच करण्याचे कारण असे की धातू तापून प्रसरण पावल्यावर लहान फट मिटते आणि आवाज बंद होतो. ‘गरम झाल्यावर आवाज जातो, म्हणजे काळजी नाही’ हा समज इथूनच निर्माण होतो.

दुसरी तपासणी मला सर्वांत खात्रीची वाटली, आणि तिला घरातला व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. इंजिन बंद आणि थंड असताना क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला जोडून ती सायलेन्सरच्या मागच्या तोंडात बसवली आणि भोवती कापड गुंडाळले. मग भांडी घासायच्या साबणाचे पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून प्रत्येक सांध्यावर मारत गेलो. वेल्डिंगचे जोड कोरडे राहिले. मागच्या सेन्सरच्या आट्यांवर एखाद-दुसरा बुडबुडा आला. फ्लँजवर मात्र ड्रायव्हरच्या बाजूच्या बोल्टाशेजारी साबणाचा फेस असा उमलत गेला, जणू कोणी नळीने ताक घुसळत होते. उरलेल्या दोन बोल्टांजवळ काहीच नव्हते. पॅकिंग एकाच बाजूला, दर वेळी त्याच बाजूला फुटत होते. जुनी तिन्ही पॅकिंगे मी टाकून दिली नव्हती, ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि तिघांवरही काजळीची काळी रेघ एकाच जागी होती.

या रेघांनी पुढचा सगळा मार्ग दाखवला, म्हणून आग्रहाने सांगतो की काढलेले पॅकिंग कधीही फेकू नका. पॅकिंग निकृष्ट असते तर ते कुठेही फुटले असते. दर वेळी एकाच जागी फुटणारे पॅकिंग हे एकतर फ्लँज वाकडा असल्याचे किंवा त्या बाजूला ओढ असल्याचे लक्षण असते.

माझ्या गाडीत दोन्ही होते. फ्लँज उतरवून त्यावर लोखंडी सरळ पट्टी ठेवली आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला, तर कडेला ०.४ मिमीचे पान सहज गेले. पातळ प्लेटला पाइप वेल्ड केला की प्लेट उष्णतेने बशीसारखी वाकते, आणि नंतर बोल्ट कितीही आवळले तरी मधे फट राहते. उलट जास्त आवळल्याने ती अधिकच वाकते. परंतु फ्लँज सपाट करून बसवलेले चौथे पॅकिंगही फुटले, त्यामुळे हे कारण खरे असले तरी पुरेसे नव्हते.

पॅकिंग का टिकत नव्हते

शेवटी ज्या गॅरेजमध्ये माझी जुनी स्कूटर दुरुस्त होत असे, तिथल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी स्कॅनर मागितला नाही की पाना हातात घेतला नाही. गाडी रॅम्पवर चढवली, हँडब्रेक ओढायला लावला, स्वतः खाली टॉर्च घेऊन उभे राहिले आणि मला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितले. मग रिव्हर्समध्ये तसेच. दोन वेळा केल्यावर त्यांनी मला खाली बोलावले आणि त्यांच्या मुलाला गाडीत बसवले.

“साहेब, पॅकिंगकडे बघू नका, इंजिनकडे बघा,” ते म्हणाले.

इंजिन पुढे-मागे डोलत होते. आडव्या बसवलेल्या इंजिनात हे अटळ आहे: चाकांना ताकद देताना इंजिन स्वतः उलट दिशेने वळू पाहते, आणि रबरी माउंटिंग त्याला ठरावीक मर्यादेत तसे करू देतात. इंजिनाला घट्ट जोडलेला कॅटकॉन त्याच्यासोबत हलत होता. फ्रंट पाइप मात्र तीन घट्ट बोल्टांनी जखडलेला आणि पुढे जाऊन गाडीच्या तळाला टांगलेला होता. दर गिअरला, दर सिग्नलला, दर गतिरोधकाला या दोघांची ओढाताण त्या सपाट पॅकिंगवर होत होती.

“इंजिन हलतंय, पाइप हलत नाही, मग मधलं फुटणारच ना? कंपनीनं स्प्रिंगा काय शोभेला लावल्या होत्या?”

यापेक्षा नेमके निदान मला दीड वर्षात कोणी दिले नव्हते. मूळचा वाटीसारखा सांधा म्हणजे प्रवाहातला अडथळा नसून गुडघा होता. स्प्रिंगांमुळे पाइप काही अंशांनी वळू शकत असे आणि तरीही पॅकिंगवरचा दाब कायम राहत असे. प्रवाहाच्या नावाखाली आम्ही गाडीचा गुडघा काढून तिथे पट्टी ठोकली होती. काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: इंजिनाखालच्या टॉर्क रॉडचे, म्हणजे इंजिनाचे डोलणे रोखणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश फाटले होते, त्यामुळे हा हेलकावा मुळातच हवा त्यापेक्षा मोठा झाला होता. ताठ सायलेन्सर बसवल्यावर धक्के माउंटिंगकडे परत जातात, त्यामुळे बुश आधी फाटले की पॅकिंग आधी फुटले, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही एकमेकांना खात होते.

यात धातूच्या प्रसरणाची भर पडते. कंपनीचे सायलेन्सर बहुधा ४०९ सारख्या, चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसचे असतात; बाहेर बनवून घेतलेले ३०४ चे असतात. ३०४ तापल्यावर ४०९ पेक्षा सुमारे दीडपट लांबते. तीन मीटरचा पाइप सरासरी २५० अंशांनी तापला असे धरले तर ४०९ चा पाइप साधारण ८ मिमी आणि ३०४ चा १३ मिमी वाढतो. टांगायची रबरे मूळ जागीच ठेवली आणि थंड अवस्थेत पाइप अगदी सरळ, ‘बरोब्बर’ बसवला, तर गरम झाल्यावर तो रबरांना मागे ताणतो आणि तेवढाच ताण पुढे फ्लँजवर येतो. माझ्या गाडीची मागची दोन रबरे बाहेरच्या बाजूला तडकलेली होती. मी ती पुण्याच्या रस्त्यांच्या खात्यावर मांडली होती.

(ओघाने सांगायचे तर ‘एसएस’ म्हणून विकला जाणारा स्वस्त पाइप पुष्कळदा २०२ असतो. चुंबकाने ३०४ आणि २०२ यांतला फरक कळत नाही, दोन्हीला तो जवळपास चिकटत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याची चाचणी करतात आणि मोठ्या भंगारवाल्यांकडे ते द्रावण असते. २०२ दोन-तीन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या कडेने तांबडा पडू लागतो.)

दुरुस्ती

सर्वप्रथम टॉर्क रॉडचे बुश बदलले. ते न करता पुढचे काहीही करणे म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम करण्यासारखे आहे.

त्यानंतर सांधा. इथे दोन पर्याय असतात. मूळचा वाटीचा फ्लँज, गोल पॅकिंग आणि स्प्रिंग बोल्ट परत बसवणे हा एक. आणि सपाट फ्लँज ठेवून त्याच्या लगेच मागे जाळीचा लवचीक पाइप, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘फ्लेक्सिबल’ म्हणतात, तो वेल्ड करणे हा दुसरा. माझा मूळ फ्रंट पाइप माळ्यावर ठेवलेला असल्यामुळे मी पहिला पर्याय घेतला: त्याचे तोंड कापून नव्या पाइपला आर्गॉन वेल्डिंगने जोडले. स्प्रिंग बोल्टांना खांदा असतो; तो टेकेपर्यंत आवळायचे आणि थांबायचे. स्प्रिंग पूर्ण दाबली जाईल इतके आवळणे हा या सांध्याचा खून आहे, आणि ‘घट्ट तेवढे चांगले’ या सवयीने तो रोज होतो.

ज्यांचा मूळ पाइप भंगारात गेला असेल त्यांनी फ्लेक्सिबल घ्यावा, पण आतून इंटरलॉक (एकमेकांत अडकलेल्या पट्टीचे) अस्तर असलेलाच घ्यावा. नुसत्या जाळीचा पाइप आतून फाटतो, शिट्टी वाजवतो आणि त्याचे तुकडे मफलरमध्ये जाऊन खुळखुळतात. तो गाडीच्या तळाला टांगलेल्या पहिल्या रबराच्या आधी, इंजिनाच्या शक्य तितक्या जवळ असावा आणि बसवताना ताणलेला किंवा पिळलेला नसावा. वाकडे जुळलेले दोन पाइप ओढून एकत्र आणण्यासाठी फ्लेक्सिबल वापरला तर तो सहा महिन्यांत फाटतो. सपाट फ्लँज नव्याने बनवताना ६ मिमीऐवजी १० मिमीची प्लेट घ्यावी आणि वेल्डिंगनंतर तिचे तोंड मशीनवर सपाट करून घ्यावे. भोसरीत हे काम करणारी लेथची दुकाने गल्लोगल्ली आहेत.

टांगणीच्या सळ्या थंड अवस्थेत रबरात थोड्या पुढे राहतील अशा बसवल्या, म्हणजे पाइप तापून लांबला की त्या मधोमध येतात. हे मोजमाप वेल्डिंगच्या आधी, सगळे जोड नुसते टॅक करून (ठिपक्यांपुरते जोडून), गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्यावे. गाडी जॅकवर असताना घेतलेले माप चाके लोंबकळत असल्यामुळे फसवे ठरते. मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणारा पाइप तेव्हा ऐसपैस वाटतो आणि चार माणसे बसली की अ‍ॅक्सलवर आदळतो.

आणखी तीन बारीक गोष्टी आहेत, पण त्यांतली एकही चुकली तर दिवा पुन्हा लागतो. फ्लँजवर लाल सिलिकॉनचा लेप देण्याची पद्धत आहे. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला निकामी करू शकते आणि तो लेप तिथली उष्णता सहनही करत नाही, म्हणून तो मागूनही लावू देऊ नये. मागच्या सेन्सरचे बूच (सेन्सर ज्यात पिळून बसतो ती आट्यांची कडी) नव्या पाइपवर वेल्ड करायचे असेल तर ते आडव्या रेषेच्या वर, थोडे तिरपे असावे, नाहीतर सकाळचे साचलेले पाणी सेन्सरच्या तापलेल्या टोकावर जाऊन तो तडकतो. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी. सेन्सर २२ मिमीच्या पान्याने निघतो आणि त्याच्या आट्या एम१८ गुणिले १.५ मापाच्या असतात. त्या तिरप्या चढल्या तर बूचच बदलावे लागते, म्हणून आधी हातानेच फिरवावा.

पिकअप आणि घुमणारा आवाज

पॅकिंगचा प्रश्न सुटल्यावर दोन तक्रारी उरल्या, ज्यांचे खापर मी आजवर पॅकिंगवरच फोडत होतो. खालच्या फेऱ्यांत गाडी ओढत नव्हती, आणि ताशी ऐंशीच्या आसपास काचा थरथरतील असा घुमारा येत होता.

पिकअपबाबत ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागते’ असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. बॅकप्रेशर इंजिनाला कधीच लागत नाही. लागतो तो वायूचा वेग आणि दाबलाटांची योग्य वेळ, कारण पुढे वेगाने निघून जाणारा धुराचा गोळा आपल्या मागे थोडी ओढ निर्माण करतो. माझे इंजिन ६००० फेऱ्यांवर सेकंदाला ढोबळमानाने ५० लिटर हवा घेते आणि तोच वायू ५०० अंशांवर फुगून १४० लिटरांच्या घरात जातो. मूळच्या पाइपातून, जो आतून ३५ मिमी होता, तो सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने जातो. आतून ४८ मिमीच्या पाइपात हाच वेग ७६ मीटरांवर येतो. शहरात आपण ६००० फेऱ्यांवर कधी असतो? कर्वे रस्त्यावर १५०० ते २००० च्या दरम्यान, अर्ध्या दाबलेल्या पेडलवर, वायू इतका थोडा असतो की दोन इंची पाइपात तो रेंगाळतो. मी पाइप ४५ मिमीचा, म्हणजे आतून ४२ मिमीचा केला. पूर्ण फेऱ्यांवरचा वेग त्यात सुमारे १०० मीटर राहतो. वळणे मँड्रेलवर (पाइपात आधाराची दांडी घालून) वाकवून घेतली, कारण दाबून वाकवलेला ५१ मिमीचा पाइप वळणावर चपटा होऊन तिथे मूळच्या पाइपाइतकाच अरुंद राहतो, आणि मग रुंदीसाठी मोजलेले पैसे नेमके कशासाठी, असा प्रश्न पडतो.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात कॅटकॉनच्या मागचा भाग बदलून मिळणारा फायदा एकेरी टक्क्यांतच असतो. कान मात्र वीस टक्क्यांची पावती देतात. मूळ सायलेन्सरवर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस ते ऐंशी जायला किती सेकंद लागतात, हे मी मोजून ठेवले नव्हते, त्यामुळे माझ्याकडे तुलनेला काही नाही. तुम्ही बदल करण्यापूर्वी ते रिकाम्या रस्त्यावर दोन्ही दिशांनी मोजा. त्यासोबत पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून २५०० फेऱ्यांवरचा दाब पाहा. तो ३ पीएसआयच्या आत असेल तर मूळ सायलेन्सर तुंबलेला नाही, आणि गाडी मंद असण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. त्यातले एक कारण तर आपल्या पायाखालीच आहे: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे हवेचा दाब सहा टक्के कमी असतो आणि टर्बो नसलेले इंजिन जवळपास तेवढीच ताकद गमावते. अलिबागला गाडी अचानक ‘मोकळी’ वाटते ती समुद्राच्या वाऱ्याने नव्हे.

घुमाऱ्याचे गणित सोपे आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणून २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० धक्के बसतात. ८० हर्ट्झच्या या खोल स्वराला केबिनची पोकळी साथ देते आणि कान दडपतात. सातारा रस्त्यावर खंबाटकीपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी ओरडून बोलत होतो. मफलरमध्ये काचेची लोकर कितीही भरली तरी हा स्वर फारसा जात नाही, ती वरच्या पट्टीचे आवाज शोषते. तो मारण्यासाठी बंद तोंडाची फांदी, म्हणजे जे-पाइप, जोडतात. तिची लांबी लाटेच्या एक चतुर्थांश असावी लागते. २०० अंश तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४३५ मीटरांच्या जवळपास असतो, त्याला ३२० ने भागले की १.३६ मीटर येतात. एवढी फांदी लहान गाडीखाली ठेवायला जागाच नाही. मी मुकाट्याने रेझोनेटर परत बसवला आणि आवाज तीन चतुर्थांश कमी झाला, असे सहप्रवाशाचे मत आहे.

कायद्याबाबत थोडक्यात, पण स्पष्टपणे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते, कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५००० रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे, आणि आवाज व धुराचे निकष मोडल्यास कलम १९०(२) लागू होते. म्हणजे माझ्यासारखा मर्यादित बदलही जोखमीचाच आहे, आणि कॅटकॉन काढून टाकणे किंवा मागच्या सेन्सरखाली लांब नळी घालून संगणकाला फसवणे याचे समर्थन कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही. तसा दिवा विझतो, गळती मात्र तशीच राहते, आणि बॉनेटखाली साचलेला कार्बन मोनॉक्साइड एसीच्या वाटेने केबिनमध्ये येऊ शकतो. सिग्नलला उभे असताना डोके जड होत असेल तर आधी गळती पाहा.

दुरुस्तीनंतर शंभर किलोमीटरांनी, गाडी पूर्ण थंड असताना, सर्व बोल्ट पुन्हा तपासले. त्यातला एक पाव फेरा आवळला गेला. तेव्हापासून अकरा महिने झाले. मागच्या सेन्सरचे वाचन ०.६८ च्या आसपास स्थिर आहे, या वेळच्या पीयूसीत लॅम्डा १.०१ आला, आणि डिसेंबरमधल्या थंड सकाळीही फडक्याच्या चाचणीत फुसफुस ऐकू आली नाही. मध्यंतरी ३१०० फेऱ्यांवर पत्रा वाजल्यासारखी एक नवी थरथर सुरू झाली होती आणि पुन्हा पॅकिंग गेले या धास्तीने मी पहाटे साबणाचे पाणी घेऊन गाडीखाली शिरलो. फेस कुठेच आला नाही. कॅटकॉनवरच्या हीट शील्डचा एक स्क्रू गंजून तुटला होता. त्याच्याभोवती मोठी स्टीलची होज क्लिप आवळली आणि आवाज थांबला.